'ॲन ॲडव्हाइस' का चुकतं? इंग्रजीतल्या 'अ', 'द' आणि न मोजता येणाऱ्या नामांची भानगड

२१ जुलै १९६९. भारतात सकाळचे साडेआठ वाजत आले होते, तेव्हा नील आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाऊल ठेवलं आणि ते प्रसिद्ध वाक्य उच्चारलं. 'दॅट्स वन स्मॉल स्टेप फॉर मॅन, वन जायंट लीप फॉर मॅनकाइंड.'

त्याला म्हणायचं होतं की हे एका माणसाचं छोटं पाऊल आहे, पण मानवजातीची ही मोठी झेप आहे. पृथ्वीवर मात्र 'मॅन'च्या आधीचा 'अ' ऐकूच आला नाही. 'अ मॅन' म्हणजे एक माणूस. नुसतं 'मॅन' म्हणजे सगळी मानवजात. त्यामुळे वाक्याचा अर्थ झाला, 'मानवजातीचं छोटं पाऊल, मानवजातीची मोठी झेप.' आपल्याला 'अ मॅन' म्हणायचं होतं, असं आर्मस्ट्राँगनं नंतर सांगितलं. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या एका संगणकतज्ज्ञानं ध्वनिमुद्रण तपासून तो 'अ' उच्चारला गेला होता, असा दावा केला. सगळ्यांना तो पटला नाही. वाद आजही चालू आहे.

एका अक्षराचा शब्द, पण तो असला तर एक माणूस आणि नसला तर सगळी माणसं. इंग्रजीतली ही छोटी उपपदं अर्थ कसा फिरवतात, हे यावरून लक्षात येतं. आणि मराठी माणूस नेमका इथेच अडखळतो. 'नीड ॲन ॲडव्हाइस', 'व्हॉट अ ग्रेट न्यूज!', 'सेव्ह द नेचर' अशी वाक्यं पोस्टमध्ये आणि कमेंटमध्ये रोज दिसतात. तिन्ही चुकीची आहेत. का, ते पाहू.

मराठीचं उपपदावाचून अडत नाही

मराठीत 'अ', 'ॲन', 'द' यांच्यासारखे शब्दच नाहीत. 'पुस्तक आणलं' म्हटलं की कोणतं पुस्तक ते संदर्भावरून कळतं. गरज पडली तर आपण 'एक पुस्तक' म्हणतो किंवा 'ते पुस्तक' म्हणतो. इंग्रजीत मात्र मोजता येणारं नाम एकवचनात असलं की सहसा एकटं येत नाही. 'आय बॉट बुक' चालत नाही. 'अ बुक' किंवा 'द बुक' म्हणावंच लागतं.

शाळेत हा नियम इतका घोटून घेतला जातो की पुढे प्रत्येक नामाला 'अ' जोडायची सवय लागते. मग 'ॲन इन्फर्मेशन', 'अ फर्निचर' असे प्रकार होतात.

'अ' म्हणजे मुळात 'एक'

जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थाचा शब्द होता, त्यातूनच आजचे 'वन' आणि 'ॲन' आले. पुढे व्यंजनाच्या आधीचा 'न' गळला आणि 'अ' उरला. हा इतिहास लक्षात ठेवला की अर्धं व्याकरण सुटतं. 'अ' लावणं म्हणजे 'एक नग' म्हणणं. जे नगावर मोजता येत नाही, त्याला 'अ' कसा लागणार? पाणी, वाळू, दूध यांच्याबाबतीत हे लगेच पटतं.

खरी पंचाईत पुढे आहे. काय मोजायचं आणि काय नाही, हे वस्तूवर ठरत नाही. प्रत्येक भाषा ते आपापल्या पद्धतीनं ठरवते.

मराठीत मोजलं जातं, इंग्रजीत नाही

आपण 'दोन सल्ले' देतो, 'तीन बातम्या' वाचतो, 'केस' कापतो, 'दागिने' घडवतो, 'पैसे' मोजतो. मराठीत ही सगळी अनेकवचनं आहेत. इंग्रजीत मात्र 'ॲडव्हाइस', 'न्यूज', 'हेअर', 'ज्वेलरी' आणि 'मनी' या अर्थांनी न मोजता येणारी नामं ठरतात. आपले पैसे 'आहेत', इंग्रजीतला 'मनी' मात्र 'इज'. 'न्यूज'च्या शेवटी 'एस' असतो, तरी तेही एकवचनच. म्हणून 'द न्यूज इज गुड.'

यामागे तर्क शोधायला गेलं तर सापडत नाही. शेजारच्या फ्रेंचमध्ये सल्ला, माहिती आणि फर्निचर या तिन्ही गोष्टी मोजता येतात. इंग्रजीतही शब्द जागा बदलतात. वाटाण्यासाठी पूर्वी 'पीझ' असा न मोजता येणारा शब्द होता. शेवटच्या उच्चारामुळे लोकांना ते अनेकवचन वाटलं आणि त्यातून 'पी' हे नवं एकवचन तयार झालं. म्हणून आज इंग्रजीत वाटाणा मोजतात, तांदूळ मोजत नाहीत.

मराठी भाषकांच्या हमखास चुकणाऱ्या शब्दांची यादी अशी: ॲडव्हाइस, इन्फर्मेशन, न्यूज, फर्निचर, लगेज, इक्विपमेंट, होमवर्क, ट्रॅफिक, वेदर, प्रोग्रेस. यांना 'अ' लागत नाही आणि अनेकवचनही होत नाही. मध्ये विशेषण आलं तरी नियम तोच राहतो. 'व्हॉट अ लव्हली डे' बरोबर, पण 'व्हॉट अ लव्हली वेदर' चूक. तिथे 'व्हॉट लव्हली वेदर!' म्हणायचं. अभिनंदन करतानाही 'व्हॉट ग्रेट न्यूज!' लिहायचं.

मग 'एक सल्ला' म्हणायचं कसं? थोडा, काही अशा अर्थानं 'सम' लावता येतं: 'सम ॲडव्हाइस'. नग मोजायचाच असेल तर आधी माप द्यावं लागतं: 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू पीसेस ऑफ लगेज'. आपण 'दोन पाणी' न म्हणता 'दोन तांबे पाणी' म्हणतो, तसंच हे.

'द'ला मात्र मनाई नाही

न मोजता येणाऱ्या नामाला उपपदच लागत नाही, असा एक गैरसमज आहे. मनाई फक्त 'अ' आणि 'ॲन'ला आहे. 'द'चं काम मोजायचं नाही, बोट दाखवायचं आहे. मराठीत 'तो', 'ती', 'ते' जे काम करतात, साधारण तेच.

'वॉटर इज लाइफ' म्हणजे पाणी हेच जीवन. इथे जगातल्या सगळ्या पाण्याबद्दल बोलणं चाललंय, म्हणून 'द' नाही. 'द वॉटर इन धिस वेल इज सॉल्टी' म्हणजे या विहिरीतलं पाणी खारट आहे. पाणी ठरावीक झालं, 'द' आला. त्याच हिशेबानं निसर्गाबद्दल एकंदरीत बोलताना 'द नेचर' होत नाही, 'सेव्ह नेचर' पुरतं.

शब्द तोच, पण 'अ' लागला की वस्तूच बदलते

'आयर्न' म्हणजे लोखंड, 'ॲन आयर्न' म्हणजे इस्त्री. 'ग्लास' म्हणजे काच, 'अ ग्लास' म्हणजे पेला. 'रूम' म्हणजे जागा, 'अ रूम' म्हणजे खोली. 'आय एट चिकन' म्हणजे चिकन खाल्लं, पण 'आय एट अ चिकन' म्हटलं तर अख्खी कोंबडी फस्त केली असा अर्थ होतो. 'शी हॅज ब्लॅक हेअर' म्हणजे तिचे केस काळे आहेत. 'अ हेअर' म्हणजे एकच केस, जो आमटीत सापडतो!

नोकरीच्या अर्जात हा फरक महत्त्वाचा ठरतो. कामाचा अनुभव म्हणजे 'एक्स्पिरियन्स', म्हणून 'आय हॅव थ्री इयर्स ऑफ एक्स्पिरियन्स.' 'ॲन एक्स्पिरियन्स' म्हणजे आयुष्यात घडलेला एखादा प्रसंग. नोकरी देणाऱ्याला तीन वर्षांची उमेदवारी सांगायची असते, एखादा किस्सा नाही.

काही ठिकाणी बोलीभाषा नियमाला सूट देते. हॉटेलात 'टू कॉफीज' चालतं, कारण तिथे कपाचं माप गृहीत धरलेलं असतं. 'अ गुड नॉलेज ऑफ मराठी' हेही बरोबर आहे, कारण तिथे विशिष्ट प्रकारच्या जाणकारीबद्दल बोलणं चाललेलं असतं. पण म्हणून 'नॉलेज'चं अनेकवचन करायचं नाही.

जिथे 'अ' विसरणं महागात पडतं

'लिटल' आणि 'अ लिटल' हे दोन्ही न मोजता येणाऱ्या नामांबरोबर येतात. इथला 'अ' नामाचा नसतो, 'लिटल'चा सोबती असतो. अर्थ मात्र तोच ठरवतो. 'देअर इज अ लिटल होप' म्हणजे थोडी का होईना, आशा आहे. 'देअर इज लिटल होप' म्हणजे आशा जवळजवळ नाहीच. दवाखान्यातून परदेशातल्या मुलाला वडिलांच्या तब्येतीचा मेसेज पाठवताना हा 'अ' राहून गेला, तर तिकडे वाचणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकेल.

लिहिताना तीन प्रश्न

पोस्ट, मेल किंवा मेसेज पाठवण्याआधी नामाला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला: हा शब्द इंग्रजीत मोजतात का? मराठीत मोजतात का, हे इथे विचारायचं नाही. शंका असेल तर शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडावा. अनेक शब्दकोशांत नामाच्या अर्थाशेजारी, ते मोजता येतं की नाही याची खूण असते.

दुसरा: मोजत नसतील, तर बोलणं एकंदरीत आहे की ठरावीक गोष्टीबद्दल? एकंदरीत असेल तर काही लावू नये, ठरावीक असेल तर 'द' लावावं.

तिसरा: एक, दोन असं सांगायचंच आहे का? मग 'पीस', 'कप', 'बॉटल' यांपैकी योग्य ते माप पुढे आणावं आणि 'अ' त्या मापाला लावावा.

सुरुवातीला प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागेल. पण चुकणारे शब्द फारसे नाहीत, तेच ते पुन्हा पुन्हा येतात. वरच्या यादीतले दहा जरी पक्के झाले, तरी रोजच्या लिहिण्यातल्या बऱ्याच चुका टळतील.