गाडीला मागचा कॅमेरा : बसविताना आणि बसविल्यानंतर

आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील किरकोळ व्यापार बराचसा चाकांवर चालतो. माल आणावयाचा सुरत, मालेगाव किंवा बऱ्हाणपूरहून आणि विकावयाचा गावोगावच्या आठवडी बाजारात. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाववरून राष्ट्रीय महामार्ग 53 जातो. घाटावर मेहकर व सिंदखेडराजाच्या बाजूने समृद्धी महामार्ग. पहिल्यावर ट्रकांची रांग, दुसऱ्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा. समोरून येणारे संकट चालकाला निदान दिसते, पाठीमागून येणारे दिसत नाही. देशात 2022 साली 4,61,312 रस्ते अपघात झाले व 1,68,491 माणसे दगावली. केंद्र सरकारच्या अहवालानुसार यांतील सुमारे पाचवा हिस्सा अपघात पाठीमागून धडक बसण्याचे होते.

बरेच व्यापारी बांधव समोरच्या काचेला डॅशकॅम लावून निश्चिंत होतात. पण मागून धडक देऊन गाडी वळवून पळालेल्याचा नंबर समोरच्या कॅमेऱ्यात कसा येणार? तो थांबलाच, तर "तुम्हीच एकदम ब्रेक मारला" किंवा "तुम्हीच गाडी मागे घेतली" असे ठरलेले उत्तर मिळते. आता पैशाची बाजू पाहा. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेप्रमाणे मृत्यूबद्दल 2 लाख रुपये व गंभीर दुखापतीबद्दल 50 हजार रुपये मिळतात. मालाच्या नुकसानीचे त्यात काहीच नाही. नंबर सापडला, तर त्या वाहनाच्या विमा कंपनीवर रीतसर दावा करता येतो आणि भरपाई जखमीचे वय, कमाई व दवाखान्याचा खर्च पाहून ठरते. कमावत्या माणसाच्या घरासाठी हा फरक फार मोठा आहे.

मागच्या कॅमेऱ्याची पहिली अडचण आपल्या धंद्यातूनच निघते. दुकानदार सांगतो, मागच्या काचेला आतून चिकटवा. चिकटविला, पण दुसऱ्या दिवशी मागे गाठोडी छतापर्यंत रचली, की कॅमेऱ्याला दिसते फक्त गाठोड्याची सुतळी. आत बसवावयाचा असेल तर काचेच्या अगदी वरच्या कडेला, मधोमध, काचेला भिडवून बसवावा आणि माल त्याखाली चार बोटे सोडून रचावा. मागे वायपर असेल तर त्याचे पाते जेथवर फिरते तेवढ्यातच कॅमेरा यावा, नाहीतर पावसाळ्यात चिखलाशिवाय काही दिसणार नाही. काचेवरील तापतारांवर चिकटपट्टी लावू नये. काढताना तार उखडते. पिकअप किंवा मागे कायम माल भरणाऱ्या व्हॅनला आतला कॅमेरा कामाचाच नाही. तेथे बाहेरून, नंबर प्लेटच्या वर बसणारा पाणीरोधक कॅमेरा घ्यावा आणि बाजारातून निघताना त्याची काच फडक्याने पुसावी.

काळी फिल्म हा आपल्याकडील जुना शौक. केंद्रीय मोटार वाहन नियम 100 प्रमाणे मागच्या काचेतून किमान 70 टक्के प्रकाश पार झाला पाहिजे. कायदा बाजूला ठेवला तरी काळ्या काचेआडून रात्री नंबर उमटत नाही, फक्त दोन दिवे दिसतात.

आता तारेचे. मागच्या कॅमेऱ्याची तार छताच्या अस्तराआडून न्यावी. समोरच्या काचेशेजारच्या खांबात कित्येक गाड्यांना एअरबॅग असते. तार तिच्या मागच्या बाजूने गेली पाहिजे, पुढून आडवी नाही. एअरबॅग उघडताना मध्ये आलेली तार घातक ठरू शकते. डिकीच्या दरवाजात तार नेताना गाडीची मूळ रबरी नळी असते, तिच्यातूनच ओवून घ्यावी. घाईतला कारागीर तार दरवाजाच्या फटीतून काढतो. ती वर्षभरात चेपून तुटते आणि त्याच फटीतून पाणी आत येते. भिजलेल्या ताक्याचे काय होते ते कापडवाल्याला सांगावयास नको. वायरी कापून जोड मारू देऊ नका. फ्यूज पेटीत बसणारा तयार जोड मिळतो, त्यामुळे गाडीच्या मूळ वायरीला हात लागत नाही व वॉरंटीचा वाद उद्भवत नाही. तारेबरोबर येणारे बारीक लाल टोक रिव्हर्सच्या दिव्यासाठी असते. ते जोडल्यास गाडी मागे घेताना पडद्यावर मागचे चित्र दिसते. नको असेल तर टोकाला टेप गुंडाळावी, उघडे सोडू नये.

गाडी उभी असतानाही चित्रण हवे असेल तर किटमध्ये बॅटरीचा दाब उतरताच कॅमेरा आपोआप बंद करण्याची सोय असावी. नाहीतर दोन दिवस लग्नाला गेलेल्याची गाडी ढकलावी लागते. उन्हाळ्यात घाटाखाली पारा 45 अंशांच्या घरात जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. म्हणून लिथियम बॅटरीचा नव्हे, कॅपॅसिटर असलेला कॅमेरा मागावा. चित्राच्या बारकाव्याच्या मोठमोठ्या आकड्यांवर पैसे घालण्यापेक्षा ते येथे व चांगल्या मेमरी कार्डावर घालावेत, असे माझे मत आहे.

कार्डाचा हिशोबही समजून घेतला पाहिजे. दोन्ही कॅमेरे चालू असता 64 जीबीचे कार्ड साधारण पाच-सहा तासांत भरते आणि मग जुने पुसून नवे लिहिले जाते. सकाळी मलकापूरला ठोकर बसली आणि गाडी तशीच पुढे नेली, तर सुरतेला पोहोचेपर्यंत नेमका तोच भाग पुसलेला असेल. जोराच्या धक्क्याने कॅमेरा तो तुकडा आपोआप राखून ठेवतो, पण हलक्या घासणीने नाही. तेव्हा बटण हातानेच दाबावे. आपले रस्ते पाहता धक्क्याची संवेदनशीलता कमीवर ठेवावी. नाहीतर प्रत्येक खड्डा राखून ठेवला जातो व कार्ड खड्ड्यांनीच भरते. पहिल्याच दिवशी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. तारीख-वेळ बरोबर आहे का, आणि मागचे चित्र आरशासारखे उलटे तर येत नाही ना? तसे असेल तर नंबर उलटा वाचावा लागतो. सेटिंगमध्ये ते बंद करता येते.

चित्रण कोर्टात टिकावयाचे तर कागदही लागतो. शेजारच्या जालन्यातील 2014 च्या विधानसभा निवडणुकीचा अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला निवडणूक कार्यालयातील व्हिडिओ चित्रणावरूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. 14 जुलै 2020 रोजी न्यायालयाने सांगितले की चित्रणाची नक्कल पुरावा म्हणून देताना सोबत प्रमाणपत्र हवेच; मालकाने मूळ यंत्रच हजर करून साक्ष दिली तर गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे. त्याचा एक भाग चित्रण देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. म्हणून अपघातानंतर कॅमेरा बंद करून कार्ड काढावे, पाकिटात घालून वर तारीख, वेळ व ठिकाण लिहावे आणि कॅमेऱ्यात दुसरे कार्ड घालावे. पोलीस कार्ड ताब्यात घेत असतील तर पंचनाम्यात त्याची नोंद करून घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरविलेली क्लिप आकसलेली असते, तिच्यातला नंबर वाचेनासा होतो. ती घेऊन वकिलाकडे गेलात तर तो पहिला प्रश्न मूळ कार्डाचाच विचारील.