भुताचा दिवा

२४ डिसेंबर १८६२ रोजी, नाताळच्या पूर्वसंध्येस, लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील रॉयल पॉलिटेक्निक संस्थेत जमलेल्या मंडळींनी डिकन्सच्या 'द हॉन्टेड मॅन' या कथेवर बेतलेल्या प्रवेशात एक पारदर्शक भूत पाहिले, आणि ते दाखविणारे प्राध्यापक जॉन हेन्री पेपर यांचे नाव त्या भुताला कायमचे चिकटले. वास्तविक मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची. परंतु तिच्यासाठी नाट्यगृहच नव्याने बांधावे लागत असल्यामुळे ती पत्करण्यास कोणी राजी नव्हते, आणि पेपरसाहेबांनी ती नेहमीच्या रंगमंचावर बसेल अशी सुटसुटीत केली.

युक्ती ऐकावयास सोपी आहे. रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्ये स्वच्छ काचेचे मोठे तावदान तिरपे उभे करावयाचे, पुढील खड्ड्यात नजरेआड भुताचे सोंग घेतलेला नट ठेवावयाचा, आणि त्याच्यावर प्रखर प्रकाश सोडला की त्याचे प्रतिबिंब काचेमागील पात्रांच्या शेजारी उभे राहते. दिवा मंदावला की भूत विरते. मात्र साधी काच समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ८ टक्केच परतविते, तिरपी असता किंचित अधिक. तेव्हा भूत ठसठशीत दिसावे असे वाटत असेल तर एक तर त्याच्यावरील दिवा अतिशय प्रखर हवा, नाही तर भोवतालचा प्रकाश अतिशय क्षीण हवा.

त्या काळी मंडळींनी पहिला मार्ग धरला. प्राणवायू आणि उद्‌जन यांची ज्योत चुनकळीच्या कांडीवर सोडून तिला शुभ्र तापविणारा चुनदिवा त्यांच्या दिमतीस होता. पण त्याचे वायू पिशव्यांत भरून, वर वजने ठेवून दाबावे लागत, दोहोंचे मिश्रण झाल्यास स्फोट ठरलेला असे, आणि दिव्यापाशी एक जाणता माणूस अखंड तैनातीस ठेवावा लागे. पुढे विजेचे दिवे आले, तरी जोखीम सरली नाही. ९ मे १९११ रोजी एडिंबरोच्या एम्पायर पॅलेस नाट्यगृहात 'द ग्रेट लाफाएत' या विख्यात जादूगाराच्या खेळात एका दिव्यापासून नेपथ्याने पेट घेतला. लोखंडी पडदा खाली आल्याने सुमारे ३,००० प्रेक्षक सुखरूप बाहेर पडले, पण पडद्यामागे खुद्द लाफाएत आणि त्याच्या मंडळीतील अनेकजण प्राणास मुकले.

आजच्या हौशी जादूगाराने, किंवा गणेशोत्सवाचा देखावा उभारणाऱ्या कार्यकर्त्याने, दुसरा मार्ग धरावा, कारण अंधाराला पैसा पडत नाही आणि तो पेटतही नाही. खड्ड्याऐवजी नटाला लपविण्यासाठी जो पेटारा वापरावयाचा त्याचे अंतरंग चकाकी नसलेल्या काळ्या रंगाने रंगवावे, सभागृहातील दिवे बेताने उतरवावेत, आणि मग फार थोडा प्रकाश पुरतो. तारेचा बल्ब विजेचा सुमारे ५ टक्केच भाग प्रकाशात देतो व बाकीची उष्णता पेटाऱ्यात कोंडतो, म्हणून तो कापडाजवळ नकोच. १२ व्होल्टची एलईडी पट्टी बाजारात सहज मिळते, मीटरला ४.८ वॉट खाणारी ५ मीटर पट्टी अवघे २४ वॉट, म्हणजे २ अँपिअर घेते, आणि बहुधा दर तीन दिव्यांनंतर, खुणेवर, कापता येते. ती अॅल्युमिनियमच्या पट्टीवर चिकटवावी, म्हणजे उष्णता पसरते. माणूस ज्या पेटाऱ्यात शिरतो त्यात घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह मुळीच नेऊ नये.

१२ व्होल्ट धक्का देत नाहीत म्हणून निर्धास्त राहणे मात्र घातक. शॉर्ट झाल्यास पट्टीला वीज पुरविणारी बॅटरी क्षणार्धात वायर तापवून कापड पेटवू शकते, यासाठी बॅटरीच्या अगदी लगत, धन टोकावर, ३ अँपिअरचा फ्यूज बसवावा, वायरही तेवढा प्रवाह पेलेल अशी घ्यावी, आणि बिजागरीपाशी ती चिमटणार नाही याची तजवीज करावी. मग पहिल्या रांगेच्या दोन्ही कोपऱ्यांतील खुर्च्यांवर स्वतः बसून पाहावे. तेथून दिवा उघडा दिसला तर खेळ हरला.

या साऱ्याचा खर्च चुनदिव्याच्या एका रात्रीच्या व्यापाशी तोलून पाहिला तर नगण्य भरेल. तरी बाजारात जाण्यापूर्वी सभागृहाचे दिवे किती उतरविता येतात हे व्यवस्थापकाला विचारून घ्यावे. पट्टी किती मीटर लागेल, हे त्या उत्तरावरच ठरते.