दोन कमळपक्षी

करमळीच्या तळ्यावर पानांवरून टुकूटुकू चालणारा पक्षी दिसला की आपण 'कमळपक्षी' म्हणून मोकळे होतो. पण आपल्याकडे कमळपक्षी दोन आहेत: लांब शेपटीचा आणि कांस्यपंखी. पायाची बोटं आणि नखं दोघांचीही इतकी लांब, की वजन पसरतं आणि पान बुडत नाही.

पावसात ओळखणं सोपं. लांब शेपटीवाल्याचं तोंड पांढरं, मान मागून सोनेरी पिवळी, अंग चॉकलेटी आणि मागे कोयत्यासारखी वाकलेली शेपटी. कांस्यपंख्याचं डोकं, मान, छाती काळी. डोळ्यावरून मागे जाणारी ठळक पांढरी भुवई. गोंधळ होतो हिवाळ्यात. पहिल्याची लांब शेपटी गळते, रंग फिका पडतो. आणि कांस्यपंख्याची वयात न आलेली पिल्लंही वरून तपकिरी, खालून पांढरी! तेव्हा गळ्याकडे बघायचं. लांब शेपटीवाल्याच्या मानेवरून काळी रेघ उतरून छातीवर हारासारखी जुळते. उडाला तर प्रश्नच मिटला, पंख पांढरेशुभ्र.

शेपटी बघून बरेच जण मोराच्या हिशोबाने त्याला नर ठरवतात. पण विणीच्या दिवसांत ती नर-मादी दोघांनाही असते, आणि अंगाने मोठी असते ती मादी. दोन्ही जातींत मादीच हद्द राखते, भांडते, एका नराच्या घरट्यात साधारण 4 अंडी घालून दुसऱ्याकडे जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं बापाकडे. कांस्यपंखी बाप तर धोका दिसला की पिल्लं पंखाखाली धरून चालू लागतो. बाहेर नुसते त्यांचे लांब पाय लोंबतात. (आपण निबंधात 'आईच्या मायेची पाखर' लिहितो ना, तिथे जरा थांबायला हवं.)

अंडीही वेगळी. लांब शेपटीवाल्याची एकरंगी, चकचकीत. कांस्यपंख्याची पेनाने गिरगटल्यासारखी काळ्या रेघांची. घरटं म्हणाल तर तरंगत्या पानांवर थोडा पाला, बस्स. त्यामुळे ऐन पावसात तळ्याची 'सफाई' निघाली की पानांबरोबर अंडीही काठावर येतात. लांब शेपटीचा बाप चोच आणि छातीमध्ये अंडं धरून ते दुसरीकडे हलवू शकतो, पण पानंच उरली नाहीत तर नेणार कुठे? पानं काढायचीच असतील, तर पिल्लं मोठी झाल्यावर काढावीत.