दिसेल तितकाच वेग

केंदूरहून शिक्रापुरास यावे आणि तेथे पुणे-नगर रस्त्यास लागावे, हा आम्हां शिरूर तालुक्यातील लोकांचा नित्याचा प्रवास. वाट परिचयाची, म्हणून चालक निर्धास्त असतो. पण तीच वाट ज्येष्ठात, अश्विनात आणि पौषात एकसारखी राहत नाही. त्याचाच थोडा हिशेब आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे 17 मीटर जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध माणसासही सेकंदभर लागतो. पुढे रस्ता कोरडा व ब्रेक चांगले असतील तर गाडी आणखी 20 मीटरांवर थांबते. रस्ता ओला असला तर 35 लागतात. वेग 80 केला की कोरड्या रस्त्यावरही एकूण 57 मीटर हवेत. वेग दुप्पट झाला तर ब्रेकचे अंतर चौपट होते, हे आपण शाळेत शिकलो. पायास मात्र ते ठाऊक नसते.

आता उसाचा हंगाम घ्या. भीमा-घोड काठचा ऊस कारखान्यांकडे निघतो. एका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टरवर पाचट लोंबते आहे. समोरून वाहन आले म्हणून आपण दिवे डिपर केले, तर जेमतेम 40 मीटर रस्ता स्पष्ट दिसतो. ताशी 60 वर हिशेब कसाबसा जमतो. 80 वर 17 मीटर कमी पडतात, ते कोठून आणावयाचे? आम्ही स्वतः एकदा अशा ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबलो आहोत. दोष कोणाचा, याचा निकाल पुढे कोर्टात लागला असता. मोळ्या त्याआधीच काच फोडून आत आल्या असत्या. ट्रॉलीचे मालक येथे बसले असतील, तर त्यांनी निघण्यापूर्वी पाचट बाजूस सारून रिफ्लेक्टर पुसावा. फडक्याखेरीज त्यास काही खर्च नाही.

ज्येष्ठातील पहिली सर विशेष फसवी. वर्षभर डांबरावर साचलेली धूळ व वाहनांचे तेल पाण्यात कालवून त्याचे वंगण होते. पुढे मुसळधार पावसाने ते धुऊन जाते, म्हणून पहिला अर्धा तास जपावे, दुचाकीवाल्यांनी तर फारच. अश्विनात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातील काळी माती रस्त्यावर येते. तिच्यावर भुरभूर पडली की साबणावर पाय पडावा तशी गाडी सरकते. अशा ठिकाणी ब्रेक करकचून दाबू नये, आधीच वेग उतरवावा. पौषात नदीकाठी धुके असते. त्यात मोठा दिवा लावला तर प्रकाश थेंबांवरून उलटून आपल्याच डोळ्यांत येतो, डिपरच बरा.

मुंबईस जाताना बोरघाट लागतो. 2002 साली द्रुतगती मार्ग खुला झाला, तरी उतार तोच आहे. डिझेल वाचते या समजुतीने काही जण गाडी न्यूट्रल करून उतरवतात. मग सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि खालच्या वळणावर धरत नाहीत. ज्या गिअरात घाट चढावा त्यातच उतरावे, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आम्हांस आजही खरा वाटतो.

राहता राहिली ओढ्यावरील फरशी. गढूळ पाण्याखाली ती शाबूत आहे की खचली, हे वरून कळत नाही, आणि दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारींस ढकलून नेते. गाडी अलीकडेच उभी करावी. आपल्या भागातील ओढ्यांचा लोंढा बहुधा काही तासांत उतरतो, तोवर जवळपास चहा मिळतोच.