नुसत्या पेंडीने ब्रॉयलर वजन धरीत नाही



“पेंड भरपूर घातली, तरी पक्षी वजन धरीत नाहीत,” असे घरी खाद्य मिसळणारे म्हणतात. याचे कारण ध्यानात घ्या. प्रथिने अमिनो आम्लांची बनतात. त्यांतली काही पक्ष्याच्या शरीरात तयार होत नाहीत, ती खाद्यातूनच द्यावी लागतात. मक्यात लायसीन कमी, सोयापेंडीत मिथिओनीन कमी, आणि खोबऱ्याच्या व शेंगदाण्याच्या पेंडीत दोन्ही कमी.

कुणग्याची मेर एका जागी खचली, की बाकी मेर कितीही उंच असो, पाणी तिथूनच जाते. तसेच हे. एक आम्ल कमी पडले की उरलेले प्रथिन अंगी लागत नाही, विष्ठेवाटे जाते. मग तुसाच्या गादीला अमोनियाचा उग्र वास सुटतो. मिथिओनीन कमी पडले तर पिसेही नीट येत नाहीत.

काय करावे?

१) पिलांच्या खाद्यात सुमारे २२ टक्के प्रथिने ठेवा. मका-सोयापेंडीच्या १०० किलो खाद्यात साधारण २०० ग्रॅम मिथिओनीन घालतात. ते आधी दोन किलो भरड्यात कालवा, मग सगळ्यात मिसळा.

२) सुक्या मासळीत दोन्ही आम्ले असतात. पण खारवलेली मासळी नको! जादा मिठाने पक्षी सारखे पाणी पितात, पातळ हगतात, पिले मरतात. बिनमिठाची, कडकडीत वाळलेलीच घ्या.

३) तयार खाद्यात ही भर असतेच. वरून आणखी घालू नका, अति मिथिओनीनने वाढ खुंटते.

आणि ही आम्ले म्हणजे औषध नव्हे. पक्षी मलूल दिसले तर लगेच पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.