गिधाडांच्या मृत्यूचा हिशेब

गुराच्या दुखण्यावर दिलेल्या एका इंजेक्शनची किंमत किती? दुकानातील पावतीवर काही रुपयेच दिसतील. शाश्वततेचे अर्थशास्त्र पदव्युत्तर स्तरावर शिकणाऱ्यांना मात्र पावतीवर न येणारा खर्च शोधावा लागतो. व्यवहार दोघांचा आणि भुर्दंड तिसऱ्याला, याला अर्थशास्त्रात ‘बाह्य परिणाम’ म्हणतात. भारतातील गिधाडे हे त्याचे ठळक उदाहरण.

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध १९९०च्या दशकाच्या मध्यात स्वस्त झाले आणि गुरांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. औषध दिलेले जनावर मेले, की त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. यामागचे कारण २००४मध्ये शास्त्रज्ञांनी उघड केले आणि २००६मध्ये भारताने या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली.

तोवर फुकटचे सफाई कामगार नाहीसे झाले होते. मेलेली गुरे उघड्यावर कुजू लागली. त्यावर भटकी कुत्री पोसली गेली, रेबीजचा धोका वाढला. पाणवठेही दूषित झाले.

याचा माणसांच्या आरोग्यावर किती परिणाम झाला? एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी २०२४मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये त्याचे उत्तर मांडले. पूर्वी गिधाडे भरपूर असलेले जिल्हे आणि मुळातच कमी असलेले जिल्हे यांतील मृत्युदर त्यांनी औषध स्वस्त होण्याआधी आणि नंतर, असा तपासला. देशभर होणारे बदल दोन्ही गटांना सारखेच लागू होतात. त्यामुळे दोन गटांत नव्याने पडलेला फरक गिधाडांच्या ऱ्हासाशी जोडता येतो. गिधाडे गमावलेल्या जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढल्याचे दिसले. २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा त्यांचा अंदाज आहे. पैशात मांडल्यास हे नुकसान वर्षाला जवळपास सात हजार कोटी डॉलर होते.

माणसाच्या जिवाला किंमत लावावी का, यावर वर्गात वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. पण किंमत न लावल्याने ती अमूल्य ठरत नाही. धोरणाच्या हिशेबात ती बहुधा शून्य धरली जाते.

गिधाडांना सुरक्षित असलेले मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध उपलब्ध आहे. गिधाडांना घातक ठरणारी असेक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ही औषधेही २०२३मध्ये गुरांसाठी बंद करण्यात आली, म्हणजे पहिल्या बंदीनंतर १७ वर्षांनी. गुरांचे नवे वेदनाशामक बाजारात येण्याआधीच गिधाडांवरील परिणाम तपासायचा, तर त्याला खर्च येईल. तो जास्त वाटत असेल, तर शेजारी पाच लाख मृत्यूंचा आकडा लिहावा आणि मगच बेरीज करावी.