माग भंगारात काढताना आणि घरची मोड विकताना

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या गावांतून गेल्या काही वर्षांत जुने साधे यंत्रमाग मोठ्या संख्येने भंगारात निघाले आहेत. कुणी रॅपिअर बसविण्यासाठी जुने माग काढले, कुणी धंद्यालाच टाळे लावले. कारण काहीही असो, ज्या मागावर वडिलांनी घर चालविले तो माग अखेर किलोच्या भावाने जातो. त्या दिवशी मालकाचे मन ठिकाणावर नसते. मीटरमागे दहा पैशांसाठी तासभर घासाघीस करणारा आपला कारखानदार भंगाराचा सौदा मात्र पाच मिनिटांत उक्ता करून मोकळा होतो. नुकसान तेथेच होते.

उक्ता सौदा म्हणजे सगळा माल एका भावात. हा एक भाव नेहमी सर्वांत हलक्या मालाचा असतो. वास्तविक एका मागात चार-पाच धातू असतात. बाजूचे जाड साचे बिडाचे, शाफ्ट पोलादाचे, काही ठिकाणी बुश पितळेचे किंवा गनमेटलचे, आणि मोटारीत तांब्याची तार. तांब्याच्या भंगाराचा भाव लोखंडाच्या साधारण वीस-पंचवीसपट असतो. समजा बारा मोटारी आहेत आणि प्रत्येकीत दीड किलो तांबे आहे, तर अठरा किलो तांबे झाले. ते लोखंडात मोजले गेले तर सुमारे चारशे किलो लोखंडाचे पैसे आपण फुकट देऊन बसलो. म्हणून मोटारी आधी उतरवून घ्याव्यात आणि त्यांचा भाव वेगळा ठरवावा. त्या फोडून घ्याव्यात की तशाच विकाव्यात हे मजुरीवर अवलंबून आहे; दोन-चार मोटारी असतील तर फोडण्यात अर्थ नाही. एक तपासणी मात्र करावी. अलीकडच्या काही मोटारींत तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तार असते आणि वरच्या वार्निशमुळे ती तांब्यासारखीच दिसते. चाकूने खरवडले की आतून लाल निघाली तर तांबे, पांढरी निघाली तर अॅल्युमिनियम.

बीड आणि लोखंड यांचे भाव वेगळे का, हे बरेच जण विचारतात. दोघांची वाट वेगळी आहे. बिडात कार्बन जास्त असतो, म्हणून ते घण मारल्यावर वाकत नाही, तुटते. त्याची गरज फौंड्रीला, जशा कोल्हापूर-इचलकरंजीकडे आहेत. साधे लोखंड जालन्यासारख्या ठिकाणच्या भट्ट्यांत जाते आणि त्याच्या सळया होतात. त्या भट्टीत तांबे मिसळून गेले तर ते पुन्हा वेगळे काढता येत नाही आणि लाटताना पोलादाला तडे जातात. मिसळलेल्या मालाला व्यापारी भाव पाडून मागतो तो काही केवळ लबाडीने नव्हे. निवडण्याची मजुरी तो धरतो. ती मजुरी आपण करावी आणि पैसे आपण घ्यावेत, एवढाच हिशेब आहे.

वजनाबाबत बेफिकिरी नको. दहा टनांत शेकडा तीन घट गेली तर तीनशे किलो गेले. इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापन खात्याकडून पडताळणी होऊन त्यावर शिक्का लागतो. तो पाहण्याचा आपल्याला हक्क आहे. मोठा माल असेल तर गाडी रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा त्रयस्थ भुईकाट्यावर न्यावी आणि दोन्ही पावत्या आपल्याजवळ ठेवाव्यात.

घरातील मोडतोडीलाही हीच रीत. खिशात एक लहान चुंबक असला की निम्मे काम होते. पितळेचा मुलामा दिलेले लोखंड चुंबक लगेच दाखवून देतो. जुना नळ खालच्या बाजूने कानशीने घासावा: पिवळा निघाला तर पितळ, करडा-पांढरा निघाला तर जस्ताचा, आणि दोघांच्या भावात मोठा फरक आहे. स्टीलच्या भांड्याबद्दल मात्र चुंबकावर पूर्ण भरवसा ठेवू नये. चुंबक चिकटला नाही म्हणजे उत्तम स्टील, असे नाही. कमी निकेलच्या हलक्या जातीलाही तो सहसा चिकटत नाही. तांब्या-पितळेच्या हंड्या, देगी, घागरी भंगारवाल्याला देण्याआधी भांड्यांच्या दुकानात मोडीचा भाव विचारावा. भांडे चांगले असेल आणि फक्त कल्हई गेली असेल तर कल्हई करून ते आणखी पुष्कळ वर्षे चालते. कापडाचा व्यापारी म्हणून एक जोडतो: बोहारणीला साड्या देऊन भांडे घेणे हाही सौदाच आहे. आमच्याकडील चिंध्या सुती आणि कृत्रिम धाग्याच्या वेगळ्या ठेवल्या तर त्यांनाही भाव येतो. पानिपतचा मोठा धंदा जुन्या कपड्यांतून आणि चिंध्यांतून पुन्हा सूत काढण्यावर उभा आहे. रद्दी आणि पुठ्ठा कोरडा असावा, बस्स.

आता जे करू नये ते. वायरीवरचे प्लॅस्टिक जाळून तांबे काढण्याची पद्धत आपल्या वस्त्यांत अजून दिसते. त्या धुरात आम्लाची वाफ आणि डायऑक्सिनसारखी विषे असतात, ती सर्वांत आधी शेजारच्या मुलांच्या छातीत जातात. शिवाय जळून काळवंडलेल्या तारेला सोललेल्या तारेपेक्षा कमी भाव मिळतो, म्हणजे त्यात व्यापारही नाही. इन्व्हर्टरची बॅटरी फोडून आम्ल गटारात ओतू नये. नवी बॅटरी घेताना जुनी परत द्यावी, तिचे पैसे वजा होतात. बंद डबे आणि सिलिंडर भंगारात टाकू नयेत, भट्टीत त्यांचा स्फोट होतो. तसेच रुग्णालय किंवा प्रयोगशाळेतून निघालेले अनोळखी यंत्र कुणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नये. 2010 साली दिल्लीच्या मायापुरी बाजारात विद्यापीठाने लिलावात काढलेले असे एक यंत्र आले. त्यात किरणोत्सारी कोबाल्ट होते. ते फोडणाऱ्यांपैकी अनेक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला.

चोरीचा माल हा या धंद्याचा जुना रोग आहे. गटाराची झाकणे, वीजमंडळाची तार असला माल ज्याच्या आवारात सर्रास दिसतो त्याच्याकडे आपला प्रामाणिक मालही नेऊ नये. चौकशी आली तर सर्वांचीच होते. पावती घ्यावी, पैसे शक्यतो बँकेतून घ्यावेत.

कराची बाजू थोडक्यात. धातूच्या भंगारावर 18 टक्के जीएसटी आहे. आपली नोंदणी असेल तर जुने माग विकतानाही बाकायदा बिल करावे लागते. 10 ऑक्टोबर 2024 पासून विकणारा नोंदणी नसलेला आणि घेणारा नोंदणीकृत असेल तर कर घेणाऱ्याने भरायचा आहे. तेव्हा "तुमचा कर कापतो" म्हणून कुणी भावातून 18 टक्के वजा करू लागला तर त्याला ही तारीख सांगावी. दोघेही नोंदणीकृत असतील आणि सौदा अडीच लाखांच्या वर असेल तर घेणारा 2 टक्के कापून भरतो. ती रक्कम आपल्याच खात्यावर जमा होते, ती घेण्यास विसरू नये. माग काढण्याच्या आधीच हिशेबनिसाशी बोलून घेतलेले बरे, कारण गाडी भरून गेल्यावर बिलात दुरुस्ती करणे त्रासाचे असते.